‘न्यूज’ला फुलफॉर्म नाही

‘रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांचे फुलफॉर्म तुम्हाला माहीत आहेत का?’ अशा मथळ्याची एक यादी कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरते आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. टी, पेन, डेट, स्माइल, बाय, कुणालाच सोडलेलं नाही. आजवर मी ती पुसून टाकत आलो. पण परवा सहावीतल्या भाचीच्या वहीत तीच यादी दिसली. शाळेत फळ्यावरून उतरवून घेतलेली, लाल-निळ्या शाईत, खाली बरोबरची खूण. तेव्हा मात्र राहवलं नाही.

कोल्डपासून सुरुवात करतो, कारण ही नुसती चूक नाही, अपाय करणारी चूक आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत जाते. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज हा फुप्फुसांचा वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे. विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर ही त्याची मोठी कारणं. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. दोन्ही एकच, असं मुलांच्या डोक्यात कशाला भरवायचं? ‘थंड’ या अर्थाचा कोल्ड इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. सर्दीला तो शब्द सोळाव्या शतकात लागला, थंडी बाधली की होणारं दुखणं म्हणून.

न्यूजचं दिशांशी काही नातं नाही. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नव्या’ या अर्थाचाच शब्द आहे. जुन्या इंग्रजी छपाईत या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर आणखी एक ई असायचा. त्या जादा ईची दिशा कुठली? आपण तरी वेगळं काय करतो? गावाकडून कुणी आलं की पहिला प्रश्न ‘काय नवीन?’ हाच असतो. आणि हा न्यू व आपला ‘नवा’ एकाच मुळातून फुटलेले आहेत.

चेसचा फुलफॉर्म खरा वाटतो, कारण त्यात सत्याचा एक कण आहे. हा खेळ भारतातून गेला. इथलं त्याचं नाव चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं. पण ती चार अंगं चेस या शब्दात नाहीत, ती ‘शतरंज’मध्ये आहेत. चतुरंगचं फारसीत चत्रंग झालं, अरबीत शत्रंज झालं, आणि तेच नाव फिरून आपल्याकडे आलं. चेस दुसऱ्याच वाटेनं आला. फारसीत राजा म्हणजे शाह. राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ म्हणून बजावायचं. त्या हाकेचा जुन्या फ्रेंचमध्ये जो उच्चार झाला, त्याच्या अनेकवचनापासून चेस निघाला, एकवचनापासून चेक. मराठीत आपण ‘शह’ देतो तो हाच शाह, आणि चेकमेटमधला मेट म्हणजे आपली ‘मात’. रोज बुद्धिबळाचा पट मांडणाऱ्या मुलाला हे कळलं तर त्याला केवढा आनंद होईल! त्याऐवजी आपण त्याला चार इंग्रजी शब्दांची जुळवाजुळव पाठ करायला लावतो.

आता डेट, पेन, स्माइल. मी हे तिन्ही भाचीला शब्दकोशात शोधायला लावले. अर्थ देऊन झाल्यावर चौकटी कंसात बारीक टायपात शब्दाचं कूळ दिलेलं असतं. मुलं तो कंस ओलांडून पुढे जातात, कारण त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी नसतं. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशातही शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी अशा कुळाच्या खुणा केलेल्या आहेत; दीडशे वर्षांपूर्वी ही काळजी घेतली जात होती.

पेन हा लॅटिनमधल्या ‘पीस’ या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण लेखणी पिसाची असायची. उडणं या अर्थाचं त्याचं मूळ संस्कृतात ‘पत्’ म्हणून आहे, आणि त्याच धातूचं ‘पत्र’; पत्र म्हणजे आधी पंख, पीस, मग पान. (पेन्सिलीचा पेनशी संबंध नाही. ती लॅटिनमधल्या ‘छोटी शेपटी’वरून, म्हणजे रंगाच्या कुंचल्यावरून आली.) स्माइल आणि स्मित तर शेजारी ठेवले की नातं डोळ्यांना दिसतं.

टीबद्दल थोडक्यात: चिनी भाषेत एकच शब्द दक्षिणेकडच्या एका बोलीत ‘ते’, दुसरीकडे ‘चा’. पहिला उच्चार डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला, दुसऱ्यातून आपला चहा आला. बाय हा गुडबायचा तुकडा, आणि गुडबाय म्हणजे ‘देव तुझ्याबरोबर असो’ या इंग्रजी वाक्याचा बोलता बोलता झालेला संक्षेप.

यावर एक सवाल हमखास येतो: रडार, लेसर हे आद्याक्षरांचेच शब्द ना? आहेत. पण रडार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, लेसर १९६०च्या आसपासचा. आद्याक्षरांना एकत्र जोडून शब्द घडवण्याची रीत विसाव्या शतकात रुजली. म्हणून शतकानुशतकं जुन्या शब्दाचा फुलफॉर्म कुणी सांगितला की तिथेच शंका घ्यावी. ‘पॉश’ची गोष्टही अशीच. बोटीनं प्रवास करणारे श्रीमंत इंग्रज भारताकडे येताना डाव्या, मायदेशी परतताना उजव्या बाजूची सावलीतली खोली घेत, त्याचीच (पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम) ती आद्याक्षरं म्हणे. तसं छापलेलं तिकीट आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

दुसरा सवाल: मुलांच्या लक्षात राहतं, मग बिघडलं काय? लक्षात ठेवायची युक्ती म्हणून सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण वहीत मथळा होता ‘खरे अर्थ’. आणि लक्षात राहण्याचंच म्हणाल, तर स्मितवरून स्माइल अधिक पक्का बसतो.

भाचीनं डेटचं पान काढलं. तिथे दोन डेट होते. एक खजूर, ग्रीकमधल्या ‘बोट’ या शब्दावरून आलेला. दुसरा तारखेचा: रोमन लोक पत्रावर ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ असं लिहीत, त्यातल्या ‘दिलेले’ या लॅटिन शब्दाचा डेट झाला. मी तिला सांगितलं, त्याचं संस्कृत भावंड म्हणजे ‘दत्त’, दिलेला. ती थांबली, मग म्हणाली, “मामा, दत्तजयंतीतला दत्त?”

हो, तोच. अत्री ऋषींना दिलेला.