गेटवर बोर्ड लावला म्हणून भंगार गोदामाचा मालक मोकळा होत नाही

वर्धा-यवतमाळकडच्या भंगारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'गोदामात गिऱ्हाइकाला लागलं तरी मालकाला एक रुपया द्यावा लागत नाही' असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली पाच मुद्दे. गेटवर 'आत येणे स्वतःच्या जबाबदारीवर' असा बोर्ड लावा, मालक सुटला. बाहेरचा माणूस तुमचा कामगार नाही, तो भरपाई मागू शकत नाही. पोरगं आत शिरलं तर दोष आईबापाचा. ड्रम आणि सिलिंडर रिकामे असले की धोका नाही, गिऱ्हाइकासमोरच कापा म्हणजे वजनाचा वाद राहत नाही. आणि अपघात झालाच तर दवाखान्याचा खर्च देऊ नका, तंटामुक्ती समितीत मिटवून टाका. शेवटी 'हायकोर्टाच्या वकिलांकडून'. कोणते वकील, नाव नाही.

माझ्या मेहुण्याचं भंगाराचं गोदाम आहे. त्यानं पेंटर बोलावून बोर्ड रंगवलासुद्धा, आणि मला फोटो पाठवला, "भाऊजी, आता कायचं टेन्शन नाही." मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. म्हणून हे लिहितोय, आणि चौथ्या मुद्द्यापासून सुरू करतोय. बाकीच्यांनी पैसा जाईल. यानं माणूस जाईल.

रिकामा ड्रम म्हणजे बिनधोक ड्रम, ही समजूत मुळातच उलटी आहे. थिनर, पेट्रोल, डिझेल पेटतं ते त्याच्या वाफेनं. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागाच नसते. तळाला पेलाभर राहिलेल्या ड्रममध्ये आत सगळी वाफ आणि हवा. त्यावर गॅस कटर लावला की ड्रमचं झाकण किंवा बूड उडतं, आणि ते कुणाकडे उडेल हे कापणाऱ्यालाही सांगता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचंही तसंच. तो हवेपेक्षा जड असतो. व्हॉल्व्ह उघडून ठेवला तरी तो जमिनीलगत, खड्ड्यात, वजनकाट्याखालच्या पिटात साचून राहतो. शिवाय घरगुती सिलिंडर गिऱ्हाइकाच्या मालकीचा नसतोच, तो कंपनीचा असतो. भंगारात घ्यायचाच नाही, कापणं तर लांबच. गाड्यांचे शॉकअप, हायड्रॉलिक जॅक, फ्रिजचा कॉम्प्रेसर, दोन्ही तोंडं बंद असलेला कुठलाही पाइप, यांचा पत्रा तापला की आतलं तेल आणि हवा फुगते आणि तो फुटतो.

आणि हे म्हणे गिऱ्हाइकासमोर करायचं! कटरच्या ठिणग्या दहा मीटरच्या पुढेही जातात. गिऱ्हाईक म्हणजे कोण? जुनी मोटर, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या ट्रॉलीत टाकून आलेला शेतकरी. पायात चप्पल, सोबत सुटीतलं पोरगं. कटरचा कारागीर तरी काळा चष्मा लावतो, कातडी हातमोजे घालतो. समोर उभ्या माणसाच्या अंगावर काहीच नसतं.

आमच्या भागाला तर हे सांगायची गरज पडू नये. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करायच्या कामात सहा माणसं गेली. तिथं निदान काय हाताळतोय हे माहीत होतं. गोदामात पोत्यातून काय येईल याचा भरवसा नाही. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली विद्यापीठानं लिलावात काढलेलं एक जुनं उपकरण आलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट होतं. दुकानातल्यांनी ते सुटं केलं. एक जण मेला, बाकीचे दवाखान्यात पडले. म्हणून ओळखू न येणारी, तोफगोळ्यासारखी किंवा शिसं भरलेली जड वस्तू आली तर हात लावायचा नाही, माणसं बाहेर काढायची आणि ११२ ला फोन करायचा. कापाकापी गिऱ्हाईक गेल्यावर, मागच्या बाजूला. वजनाचा वाद मिटवायला काटा असतो, त्यावर गिऱ्हाइकाला आकडा दिसेल असा डिस्प्ले लावा.

आता बोर्ड. यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. साखळी ओलांडून, नको म्हणताना कुणी ढिगावर चढला तर त्याचाही निष्काळजीपणा कोर्ट मोजतं आणि भरपाई तेवढी कमी होते. त्या वेळी बोर्ड कामी येतो. पण बोर्डानं मालकाची जबाबदारी पुसली जात नाही. सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा सुभागवंती यांच्या खटल्यातला निकाल बघा. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघराचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला, खाली माणसं सापडली. तो मनोरा ऐंशी वर्षांचा होता, तशा बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षं. महापालिका म्हणाली, दोष बाहेरून दिसत नव्हता. कोर्टानं ऐकलं नाही. नीट सांभाळलेली वास्तू आपोआप पडत नसते, ती पडली हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आता मालकानं स्पष्टीकरण द्यावं, असा त्या निकालाचा गाभा. ती माणसं तर रस्त्यावरची होती. तुमच्या गोदामात गिऱ्हाइकाला तुम्हीच बोलावता, तुमच्या काट्यावर उभं करता. तळातून पत्रे ओढून पोकळ केलेला ढीग त्याच्यावर आला, तर बोर्ड दाखवून काय उत्तर देणार?

कामगार नाही म्हणून भरपाई नाही, हे अर्धवट वाचून लिहिलंय. कामगारांच्या भरपाईचा कायदा बाहेरच्याला लागू नाही, बरोबर. गिऱ्हाइकासाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही, तेही बरोबर. पण दिवाणी दावा आहे. आणि फौजदारीही आहे. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५, तीन वर्षांपर्यंत.

पोरांच्या मुद्द्याची मला चीड आली. 'दोष आईबापाचा' म्हणून हात झटकणारा माणूस कधी गोदामाच्या कुंपणाबाहेर उभा राहिला नसावा. चकाकतं तांबं, बेअरिंगच्या गोळ्या, मोडकी सायकल, यांना पोरं ओढली जाणारच. मालकाला हे रोज दिसतं, आणि दिसतं म्हणूनच त्यानं आवरायला हवं. कुंपणाची भोकं बुजवायची. जुन्या फ्रिजचं, पेटीचं दार आल्या आल्या काढायचं, कारण आत बसलेल्या मुलाला बाहेर येता येत नाही. कीटकनाशकांचे डबे उघड्यावर ठेवायचे नाहीत. ट्रॉलीवर आलेलं पोरगं काट्याजवळच्या सावलीत बसवायचं, आत नाही. काही गोदामांत बापाकडून 'मुलाची जबाबदारी माझी' असं लिहून घेतात. त्या कागदानं मुलाचा हक्क जात नाही. उलट दावा लावायची मुदत ठरवणाऱ्या लिमिटेशन कायद्याच्या सहाव्या-आठव्या कलमांनी अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते. आठ वर्षांच्या मुलाची बोटं गेली तर तो विसाव्या वर्षीही दावा लावू शकतो. तोवर तुम्ही साक्षीदार कुठून आणणार?

राहिला शेवटचा. तंटामुक्ती समितीनं बांधावरची, भाऊबंदकीची भांडणं खूप मिटवली आहेत, त्याबद्दल आदर आहे. पण निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूचा गुन्हा तडजोडीनं मिटणारा नाही. ओट्यावर बसून पन्नास हजार दिले तरी पोलिसांचा तपास थांबत नाही. आणि दवाखान्यात नेलं, खर्च दिला, केवळ तेवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही. दोष ठरतो तो जागेवर काय होतं त्यावरून. जखमी माणसाला पडू दिलंत तर मात्र ती गोष्ट प्रत्येक साक्षीदार सांगेल.

मेहुण्याला मी बोर्ड काढायला सांगितलं नाही. राहू दे, पण खाली चित्र काढ, कारण काही गिऱ्हाइकांना वाचता येत नाही. काट्यापुढे दोरी बांध, तिच्या पलीकडे फक्त तुझी माणसं. हायड्रा क्रेन मागे घेताना एक माणूस शिटी घेऊन मागे उभा पाहिजे. ट्रॉली रिकामी होताना ढीग आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणी थांबायचं नाही, शेतकरी स्वतः नाही आणि हमालही नाही. आणि विमा एजंटाला विचार की तुझ्या पॉलिसीत बाहेरच्या माणसाची दुखापत धरली आहे का, की फक्त आग आणि चोरी. त्यानं पॉलिसी काढून पाहिली. फक्त आग आणि चोरी होती.