पंगत सातांची, पाने चव्वेचाळीस

सेवानिवृत्तीनंतर मेंदूला गंज चढू नये, या घरच्यांच्या आग्रहाला बळी पडून मी ‘आर’ नावाची संगणकभाषा शिकायला घेतली. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती घडवली आणि काही अंशी त्यांच्याच आद्याक्षरावरून तिचे नाव पडले. नावात एवढी काटकसर करणाऱ्यांनी कंसांच्या बाबतीत मात्र हात सैल सोडला आहे, हे मला उशिरा कळले.

सरावासाठी मी आरसोबतच मिळणारा, न्यूयॉर्कच्या हवेचा १९७३ सालचा तक्ता उघडला. मे ते सप्टेंबर, दिवसाला एक याप्रमाणे १५३ ओळी. त्यांतून ओझोन १०० च्या वर गेलेले दिवस तेवढे वेगळे काढायचे होते. कागदावर पेन्सिलीने खुणा करत हे काम मी पाच मिनिटांत उरकले असते. चौकटी कंसात अट लिहून एंटर दाबले, तर आरने अस्तित्वात नसलेले स्तंभ मागितल्याची तक्रार केली. मी तर स्तंभांचे नावही काढले नव्हते! अर्ध्या तासाने कन्या मागून जाता जाता म्हणाली, “बाबा, स्वल्पविराम कुठे आहे?” कंसात स्वल्पविरामाच्या आधी ओळी आणि नंतर स्तंभ सांगायचे असतात, स्तंभ सगळेच हवे असले, तर पुढे काही लिहायचे नाही, पण स्वल्पविराम मात्र द्यायचाच. उभी हयात कार्यालयीन टिपणांतले अनावश्यक स्वल्पविराम खोडण्यात घालवलेल्या माणसाने तो अधांतरी स्वल्पविराम कोणत्या मनाने दिला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मग ४४ ओळी आल्या. त्यांतल्या सात खऱ्या होत्या, २५ ऑगस्टच्या १६८ च्या नोंदीसह. उरलेल्या ३७ ओळींत महिना नाही, वारा नाही, तापमान नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते ‘एनए’, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. या ३७ दिवशी ओझोनची नोंदच झालेली नव्हती; एकट्या जूनमध्ये असे २१ दिवस आहेत. १०० पेक्षा जास्त का, असे विचारले की हे दिवस होय म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. लग्नाला ‘बघू, जमलं तर येऊ’ म्हणणाऱ्या नातलगांना धरून आपण जशी पाने मांडतो, तशी आरने त्यांची ३७ पाने मांडली होती.

कन्येने ‘व्हिच’ हे फंक्शन सुचवले. ते फक्त होय म्हणणाऱ्यांचे क्रमांक देते, त्यामुळे नेमक्या सात ओळी हाती आल्या. त्या यशाने चेकाळून मी व्हिचच्या आधी उणे चिन्ह लावले आणि ओझोन ५०० च्या वर गेलेले दिवस वगळायला सांगितले. असा दिवस तक्त्यात एकही नाही. तेव्हा सगळ्या १५३ ओळी जशाच्या तशा परत मिळतील, असा माझा भाबडा हिशेब होता. वगळायला कोणी नाही म्हटल्यावर आरने कोणालाच ठेवले नाही. पडद्यावर स्तंभांची नावे होती आणि खाली ओळी शून्य.

कन्या तोवर झोपली होती. मी पेन्सिलीला टोक काढायला घेतले.