हेल्मेट रविवारचं, डोकं रोजचं

दुचाकी गाडी घ्यायची तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावरच घ्या, आणि शोरूममध्ये सेल्समनने एबीएस (चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक), सीबीएस (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक) असलं काही सांगायला तोंड उघडलं की त्याला मधेच तोडून विचारा, "ते जाऊ दे भो, किती देते?" आपल्याकडे गाडीला एवढा एकच प्रश्न विचारायची पद्धत आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला सीबीएस २०१९ पासून सक्तीचं झालंय, म्हणजे तुम्ही विचारा न विचारा ते येणारच, मग फुकट कशाला डोकं लावता. गाडी घरी आली की शेजारचे आप्पा येतील, सीटवर हात फिरवतील आणि तेच विचारतील. कंपनी सांगते त्याच्यावर दहा चढवून सांगायचं. खरं सांगितलं तर आप्पा म्हणतील "आमची जुनी अजून सत्तर देते", आणि त्या जुनीच्या धुराने गल्लीतले मच्छर मेलेत हे तुम्हाला बोलता येणार नाही, कारण आप्पा वडीलधारे.

आता ब्रेक. हे ज्ञान मॅन्युअलमधून घेऊ नये, काकाकडून घ्यावं. पुढचा ब्रेक लावला की गाडी कोलांटी खाते हे पोरगं सायकल शिकतं तेव्हापासून त्याला सांगितलं जातं, म्हणून पुढचा ब्रेक हा गाडीचा दागिना समजायचा, हात लावायचा नाही. ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, खरी पकड तिथेच मिळते वगैरे शाळेतलं विज्ञान शाळेतच ठेवा. मागचा ब्रेक जीव खाऊन दाबा, चाक लॉक होऊ द्या, मागची बाजू आडवी सरकायला लागली की दोन्ही पाय जमिनीवर घासत सोडा. स्लिपरचा सोल हा खान्देशातला तिसरा ब्रेक आहे आणि त्याला सर्व्हिसिंग लागत नाही, चप्पल बदलली की झालं.

जळगावात घर खोटेनगरकडे आणि कंपनी एमआयडीसीत असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. प्रभात चौक, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, सगळा हायवे गावाच्या पोटातून, बायपासचं काय व्हायचं ते होवो. इथे ट्रकला ओव्हरटेक करायचा तो डावीकडूनच, ट्रक आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून, आणि मनात शंका आणायची नाही, तुम्हाला ट्रक दिसतोय म्हणजे ट्रकवाल्याला तुम्ही दिसताच. तरी भीती वाटली तर हॉर्न दाबून ठेवा. आरसे मात्र पहिल्याच दिवशी काढून घरी नेऊन ठेवा, एक तर गर्दीत घुसताना अडकतात आणि दुसरं म्हणजे मागचं बघायचं काम मागच्याचं असतं, आपण कशाला त्याच्या कामात लक्ष घालायचं. ज्यांना आरसे ठेवायचेच आहेत त्यांनी ते स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून ठेवावेत, सिग्नलला भांग पाडायला बरे पडतात.

सिग्नलवरून आठवलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की झेब्रा क्रॉसिंगपाशी जाऊन उभे राहणारे लोक बाहेरगावचे असतात हे लगेच ओळखू येतं. आपला माणूस मागेच थांबतो, जिथे होर्डिंगची किंवा कडुनिंबाची सावली पडलीय तिथे. पन्नास गाड्या सावलीच्या त्या पट्ट्यात चिकटून उभ्या, पुढे रस्ता मोकळा, आणि ग्रीन लागला की सगळे एकदम सुटतात, तोवर परत रेड. खिशात कांदा ठेवा. टाकी फुल करू नका, उन्हात फुटते, ऑइल कंपनीने तसं काही नसतं म्हणून खुलासा केला तरी फॅमिली ग्रुपवर मामांनी पाठवलेला मेसेज जास्त विश्वासाचा. बागायती रुमाल असा गुंडाळा की फक्त डोळे उघडे राहतील, आणि गुंडाळतानाच मोबाईल कानापाशी आत सरकवून घ्या. एकदा घट्ट बसला की एरंडोलपर्यंत पडत नाही. लोकांनी ब्लूटूथवर उगाच पैसे घातलेत. फक्त फोन कट करायचा असेल तर समोरच्याची वाट बघावी लागते, म्हणून आपल्याकडे सगळे कॉल लांब चालतात.

हां, आणि हेडलाइट. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच दिलेलं नाही. तरी दिवसा गाडी चालवताना समोरून येणारा प्रत्येक सज्जन हाताची पाच बोटं उघडझाप करून तुम्हाला सांगणार, लाईट चालू आहे, लाईट चालू आहे. तुम्हीही त्याला तसंच सांगा, त्याचाही चालूच असतो. हेच सज्जन रात्री रावेर-सावद्याकडून केळीचे घड घेऊन येणारी ट्रॉली भररस्त्यात दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय उभी असते तेव्हा कुठे जातात कोण जाणे.

माल किती न्यायचा याला मर्यादा नाही. कायद्यात मागे एकच माणूस बसवायला सांगितलंय, पण एक माणूस म्हणजे एक कुटुंब असा अर्थ आपण पहिल्यापासून घेत आलोय. टाकीवर लहान पोरगं, मागे वहिनी एका बाजूला पाय सोडून, वहिनींच्या मांडीवर तान्हं, आणि दोघांच्या मधे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा, कारण मामाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं. चार वर्षांखालच्या पोराला बेल्टने बांधा, हेल्मेट घाला, चाळीसच्या वर पळवू नका असा नियम २०२३ पासून लागू आहे म्हणतात. बेल्ट कशाला पाहिजे, आईचा हात आहे ना, आणि त्याच हातात पिशवी पण आहे. साडी गार्ड तेवढं काढून टाका, नियमाने मागचं चाक निम्मं झाकलेलं असावं लागतं पण त्याने गाडीचा लूक जातो. पदराचं पदर बघून घेईल.

आता हेल्मेट. हे डोक्याला घालायचं असतं अशी एक अफवा पसरलीय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही लागतं, नसलं तर हजार रुपये आणि लायसन्स तीन महिने निलंबित, एवढं सगळं पाठ असूनही आपण त्याचा उपयोग कोपरात अडकवायला, टाकीवर ठेवायला आणि चौफुलीच्या अलीकडे घालून पलीकडे काढायला करतो. घ्यायचं तर रस्त्याच्या कडेला मिळतं ते अर्ध्या नारळाचं घ्या. आयएस ४१५१ या सरकारी मानकाचा शिक्का असलेलं जड पडतं, केस जातात, मान दुखते, ऐकू येत नाही. डोकं फुटल्यावरही ऐकू येत नाही, पण ते नंतरचं नंतर.

हे झालं सोमवार ते शनिवार. रविवारी मात्र तुम्ही रायडर असता, आणि रायडरचं सगळंच वेगळं.

त्यासाठी आधी दुसरी गाडी, निदान साडेतीनशे सीसी, ईएमआयवर. मग ग्रुप. ग्रुपच्या नावात वाघ, किंग नाहीतर रायडर्स यातलं काहीतरी पाहिजेच. शनिवारी रात्री ठरवायचं, पहाटे पाचला शार्प निघायचं, सातपुड्यातलं तोरणमाळ. पाचला ग्रुपवर फक्त ॲडमिनचा गुड मॉर्निंग येतो, सहाला कोणीतरी "उठलो" टाकतं, आणि साडेआठला सगळे चहाच्या टपरीवर जमतात. पण अवतार बघा. आत पॅड असलेलं जॅकेट, गुडघ्याला गार्ड, हातात ग्लोव्हज, घोट्यापर्यंत बूट, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, हेल्मेटवर कॅमेरा, कॅमेऱ्याला चार्जर, आणि चेनवर मारायला चारशे-पाचशेचा स्प्रे. रोजच्या गाडीच्या चेनला गॅरेजमधलं काळं ऑइल ब्रशने फासतात ते चालतं, ती काय कामाला जायची गाडी.

चोपडा, शिरपूर, शहादा करत जायचं आणि मधे ढाब्यावर शेवभाजी हाणायची. तर्री इतकी जहाल मागवायची की म्हसावद सोडल्यावर पुढचा घाट घामाने जमला पाहिजे. रस्त्यात दर वीस किलोमीटरवर फोटोसाठी थांबायचं, फोटोत बाकीचे पाच जण येणार नाहीत असा अँगल घ्यायचा, कारण कॅप्शन सोलो राइडचं आहे. मग सात पायरीचा घाट. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय बाहेर काढून, कॅमेरा चालू ठेवून, वळणावर "भावांनो, इथून खरी मजा सुरू होते" असं बोलत चढत जायचं. नेमकं तेव्हाच मागून एक शंभर सीसीची गाडी येईल, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन बांधलेल्या, चालवणारा स्लिपरवर, मागे बायको, बायकोच्या कडेवर पोरगं, हेडलाइटची काच सुतळीने बांधलेली. तो तुमच्याजवळ येऊन जरा हळू करेल आणि काळजीने विचारेल, "काय भाऊ, गाडी बंद पडनी का?" त्याला नाही म्हणा. तो पुढच्या वळणावर दिसेनासा होईल. व्हिडिओतून एवढा भाग कापून टाका. त्याचा हा रोजचा दूध घालायचा रस्ता, तुम्ही त्याला ऑफरोडिंग लिहायचं.

वर यशवंत तलावापाशी हेल्मेट काखेत धरून एक, सीताखाईच्या कठड्याजवळ गाडीवर हात ठेवून दूर बघताना एक, असे फोटो झाले की लाइफ बिगिन्स वगैरे जे काही इंग्रजीत सापडेल ते खाली टाका. पावसाळ्यात धुकं मिळालं तर सोन्याहून पिवळं, मग मनाली लिहिलं तरी यावलवाले मानतील.

संध्याकाळी घरी आल्यावर जॅकेट हँगरला, गार्ड कपाटात, पूर्ण तोंडाचं हेल्मेट त्याच्या मखमली पिशवीत वरच्या फळीवर, पोरांच्या हाती लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टपँटवर किल्ली घेऊन निघताना आई म्हणेल, "ते डोक्याचं घेऊन जा ना भाऊ." तिला हसून सांगायचं, आई, इथेच तर जायचंय, एमआयडीसीत. घाटातल्या रिकाम्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला माणूस पडू शकतो, हायवेवर ट्रकांच्या मधून साठने जाताना कोण पडतं?

तरी चुकून पडलातच तर. पहिल्यांदा उठून इकडेतिकडे बघा, ओळखीचं कोणी नाही ना. मग गाडी उचला, इंडिकेटर तुटला का बघा. गुडघा सगळ्यात शेवटी. गर्दी जमेल, कोणीतरी पाणी देईल, कोणीतरी हळद सांगेल, कोणीतरी गावाकडे हाड बसवणारा एक बाबा आहे म्हणून नंबर देईल. इन्शुरन्सचा विषय काढू नका. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीची) पॉलिसी पाच वर्षांची येते, आणि आपण तिला गाडीच्या जन्माबरोबर आलेली समजून नंतर कधी बघत नाही. ती संपलेली असताना पहिल्यांदा पकडलं तर दोन हजार दंड आहे.

कारण विचारलं तर एकच द्यायचं. टर्न बघितला नाही, मोबाईल रुमालात वाजत होता, मागचं चाक लॉक झालं असलं काहीही तोंडातून काढायचं नाही. कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, "कुत्रं आडवं उनं भो." पोलीस, सासरे, डॉक्टर, सगळे मान हलवतात, कारण प्रत्येकाला कधी ना कधी ते कुत्रं आडवं आलेलं असतं. फक्त मागे कोणी बसलं असेल तर घरी पोचायच्या आधी दोघांनी कुत्र्याचा रंग एकच ठरवून घ्या.