आठ्या, इकडच्या आणि तिकडच्या

परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला की बोटॉक्सने, म्हणजे सुरकुत्या घालवायला चेहऱ्यात घेतात त्या इंजेक्शनने, म्हणे डिप्रेशन जातं, आणि मग जी जुंपली ती दोन दिवस चालू होती. मावशीचं म्हणणं, मन प्रसन्न असेल तर चेहऱ्याला सुया कशाला टोचून घ्यायच्या. मामेबहिणीचं म्हणणं, चेहरा माझा, पैसे माझे, तुमच्या पोटात का दुखतंय. मी इकडे इंग्लंडमध्ये बसून सगळं वाचत होते, आणि गंमत म्हणजे इकडे असा वाद होतच नाही, कारण मुळात कुणी कुणाला विचारतच नाही.

व्हिडिओ अगदीच थापा नव्हता हां. 2012 मध्ये स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी डिप्रेशनच्या 30 पेशंटवर प्रयोग केला होता, काहींना भुवयांच्या मधे बोटॉक्स, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, आणि सहा आठवड्यांनी बोटॉक्सवाल्यांना जास्त बरं वाटत होतं. कल्पना अशी की कपाळाला आठ्या घालणारा स्नायूच ढिला पडला तर मेंदूला जाणारा 'आपण त्रासलोय' हा निरोपही कमी होतो. पण यात एक गोची आहे. ज्याचं कपाळ हलायचं बंद झालं त्याला आरशात बघून कळतंच ना की आपल्याला खरं औषध मिळालंय! मग बरं वाटलं ते औषधाने की औषध मिळाल्याच्या आनंदाने, हे कसं वेगळं काढणार? नंतरच्या मोठ्या चाचणीत निकाल तसा संमिश्रच आला आणि डिप्रेशनचं औषध म्हणून बोटॉक्सला अजून मान्यता नाहीये. मायग्रेनसाठी आहे, ती गोष्ट वेगळी.

माझ्या ऑफिसमधली एक जण बोटॉक्स घेते. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा होत्या तिच्या, जन्मजातच म्हणाना, आणि प्रत्येक मीटिंगनंतर कुणी ना कुणी विचारायचं, चिडलीस का, सगळं ठीक ना? ती चिडलेली नसायची, पण दिवसातून चारदा तेच ऐकलं की माणूस खरंच चिडतो. इंजेक्शन घेतल्यावर हे प्रश्न बंद झाले. आता ती खळखळून हसते तेव्हा डोळ्यांखालचं सगळं हसतं आणि कपाळ मात्र इस्त्री केल्यासारखं. बघायला जरा विचित्र वाटतं, खोटं कशाला बोलू, पण ती खूश आहे. मला वाटतं तिचा मूड स्नायूमुळे कमी आणि लोक तिच्याशी नीट बोलायला लागले म्हणून जास्त सुधारला. मावशीला हे पटणार नाही, पण मन प्रसन्न ठेवायला भोवतालचे लोकही लागतात, आणि व्हिडिओ कॉल लागल्या लागल्या 'अगं किती ओढलेली दिसतेस' म्हणणारी तीच असते.

अर्थात मामेबहिणीचं 'माझे पैसे' हे इकडे जसंच्या तसं लागू झालंय आणि त्याचंही मला फार कौतुक नाही. बोटॉक्स इकडे डॉक्टरी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, पण ओठात-गालात भरतात त्या फिलरला चिठ्ठीच लागत नाही, आणि टोचणारी व्यक्ती डॉक्टर किंवा नर्सच असली पाहिजे असंही नाही. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर डोळा जाऊ शकतो, इतकी साधी गोष्ट आहे ही. 18 च्या आतल्या मुलामुलींना नुसतं सुंदर दिसायला म्हणून टोचायचं नाही, हा कायदासुद्धा इंग्लंडात 2021 मध्ये आला, तोवर चालूच होतं.

आणि सगळ्यात नाजूक भाग तो पुढचाच. काही लोकांना आपल्या चेहऱ्यातली एखादी बारीकशी गोष्ट, जी दुसऱ्याला दिसतही नाही, तासन्‌तास छळते. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात त्याला. साधारण शंभरात दोघांना असतो आणि कॉस्मेटिक क्लिनिकच्या खुर्चीत बसणाऱ्यांत त्याहून बराच जास्त सापडतो. अशांना इंजेक्शनने सहसा बरं वाटत नाही, एक झालं की नजर दुसरीकडे जाते, ओठ झाले की हनुवटी. त्यांना सीबीटी नावाची, बोलून विचारांची सवय बदलायची थेरपी किंवा डिप्रेशनवरच्या गोळ्या उपयोगी पडतात. इकडच्या मेडिकल कौन्सिलने 2016 मध्येच डॉक्टरांना सांगून ठेवलंय की पेशंटची मानसिक गरज बघा, विचार करायला वेळ द्या. पण जे डॉक्टरच नाहीत त्यांना कोण सांगणार? तिथे फॉर्मवर ॲलर्जी विचारतात, प्रेग्नन्सी विचारतात, सही घेतात, की झालं.

म्हणजे तिकडे सगळे विचारतात आणि विचारताना टोचतात, इकडे टोचतात पण विचारत नाहीत. मला स्वतःला नको तितकं विचारणारी माणसंच बरी वाटतात, पण त्यांनी 'कशाला हवंय हे तुला' याऐवजी 'काय होतंय तुला' एवढं विचारलं तर.

मामेबहिणीने शेवटी ग्रुपवर नाही, मला वेगळा मेसेज केला, ताई, घेऊ का मी? मी म्हटलं घे की, मी कोण नको म्हणणारी, तसंही तीन-चार महिन्यांत उतरतं ते. फक्त जाशील तेव्हा त्यांना विचार, तुम्ही कधी कुणाला न टोचता परत पाठवलंय का, आणि कशासाठी. चटकन उत्तर आलं नाही तर तिथून उठ आणि दुसरं क्लिनिक बघ.