मांडणी करणाऱ्या बाईंना स्वतःचे घर नाही

"प्रदर्शन चांगले आहे. परंतु मांडणी करणाऱ्या बाईंना स्वतःचे घर नसल्याने विषयाच्या अनुभवात कमतरता जाणवते. पंखे हळू होते. चहाची सोय असावी."

गेल्या आठवड्यात कोथरूडच्या एका सभागृहात, मी विकत आणलेल्या अभिप्राय-वहीत, मी हातात दिलेल्या पेनाने हे लिहिलं गेलं. पेनही गेलं.

मांडणी करणाऱ्या बाई म्हणजे मी. एका संस्थेला फिरतं प्रदर्शन हवं होतं. विषय: आहेत ती घरं आधी नीट वापरा, मग नवे टॉवर उठवा. फिरतं म्हणजे सगळं एका 'छोटा हत्ती' टेम्पोत मावलं पाहिजे आणि दोघांना तासाभरात लावता आलं पाहिजे. सनबोर्डचे कोपरे पहिल्याच जिन्यात मुडपतात, म्हणून रोलअप स्टँडी, म्हणजे गुंडाळून नेता येणारे उभे फलक. स्टँडीचा खालचा फूटभर भाग कोणी वाचत नाही, ओणवं व्हावं लागतं. म्हणून विश्वस्तांचे फोटो मी तिथे टाकले होते. पहिल्याच बैठकीत ते वर चढले आणि मजकूर खाली आला.

मजकूर मात्र दमदार होता, हे मी माझं म्हणून सांगत नाही. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात तर रिकाम्या शहरी घरांत महाराष्ट्राचा नंबर पहिला, जवळपास २० लाख. त्यातली पावणेपाच लाखांवर एकट्या मुंबईत. आणि २०१२ साली सरकारच्याच तांत्रिक गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरं कमी पडतात असा हिशेब मांडला होता. गंमत पुढे आहे. या तुटवड्यातला मोठा हिस्सा, दीड कोटीच्या घरातला, डोक्यावर छप्परच नसलेल्यांचा नाही, दाटीवाटीचा आहे. म्हणजे घर आहे, पण लग्न झालेल्या जोडप्याला त्यात स्वतंत्र खोली नाही.

हे वाक्य मी मोठ्या अक्षरात घेतलं. एका विश्वस्तांनी चष्मा काढून पुसला. "हे शाळांमध्येही जाणार आहे ना?" मी म्हटलं, सर, ही सरकारी व्याख्या आहे. "असेल. पण चित्र कशाला?" चित्र एका बंद दाराचं होतं. शेवटी 'जोडपं' जाऊन 'कुटुंबातील सदस्य' आले, दाराच्या जागी तुळशीवृंदावन आलं, आणि आकड्यात काय दडलंय ते कोणालाच कळेनासं झालं.

तर अभिप्रायवाले काका. उद्घाटनाचे पेढे संपल्यावर आले. डोक्याला कानटोपी, हातात कापडी पिशवी. सरळ माझ्या टेबलाशी.

"पझेशन कधी?"

"काका, हे प्रदर्शन आहे."

"ते बाहेर वाचलं. सॅम्पल फ्लॅट कुठाय?"

सभागृहाच्या मधोमध मी जमिनीवर पिवळी टेप चिकटवून वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली आखली होती. १६० चौरस फूट, खऱ्या मापाची. मोरी कुठे, पलंग कुठे, पलंगाखाली कोण झोपायचं, सगळं लिहिलेलं. सकाळपासून पोरं तिच्यावर लंगडी खेळत होती. काका दारातून आत शिरले. म्हणजे टेपमधली फट मी दार म्हणून सोडली होती, बरोबर तिथूनच. मोरीपाशी उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

"सीलिंग चांगलं आहे. रेट काय?"

मी समजावलं. विकायला काही नाही; १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या चाळीतली ही खोली, एवढ्यात आठ-दहा माणसं राहायची. काका हेलावले. "कमाल आहे. आणि आता बघा, लोक एकेक फ्लॅट घेऊन कुलपं लावून बसतात. लाज वाटली पाहिजे." मला भरून आलं. विषय पोचलेला माणूस अखेर भेटला! मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अभिप्रायाची वही दिली.

"तुम्ही इथेच राहता का काका?"

"समोरच्या सोसायटीत. शिवाय मागच्या गल्लीत एक, आणि बावधनला एक."

"मग ते भाड्याने दिलेत?"

"छे!"

"म्हणजे बंद आहेत."

"बंद नाहीत हो. कुलूप लावलेलं आहे. बावधनला मुलगा उतरतो, दिवाळीत."

"कुठून येतो?"

"न्यू जर्सी."

"दर दिवाळीला?"

"तो येईल तेव्हा दिवाळी."

"आणि मागच्या गल्लीतला?"

"तिथे सामान आहे. आईची तांब्याची भांडी, कूलर, हिच्या मंगळागौरीचे पाट. शिवाय दर गुरुवारी जाऊन मी नळ सोडून येतो."

मी त्यांना हाताला धरून कायद्याच्या स्टँडीपाशी नेलं. भाडेकरू घुसला की निघत नाही ही भीती १९४७च्या भाडे कायद्याची. तेव्हा भाडी १९४०च्या पातळीवर थिजली आणि वाडे भाडेकरूंसकट पडायला आले. पण १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वेगळा आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, मुदत संपली की जागा परत मागण्याचा मालकाला हक्क. नाही सोडली तर दुप्पट रकमेची भरपाई. हे मी लाल चौकटीत टाकलं होतं. काकांनी चौकट मन लावून वाचली.

"हे ठीक आहे. पण भाडेकरू हे वाचून येतो का?" मग आवाज बारीक करून: "आणि भाड्याने दिला की सोसायटी वर दहा टक्के लावते. सेक्रेटरी मीच आहे, मला माहितेय."

हे खरं आहे, आणि मला हे अजून पचलेलं नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत जादा आकारू शकते. कुलूप घालून वर्षानुवर्षं ठेवला तर काही नाही. ज्या घरात माणूस राहतो त्याला भुर्दंड, जिथे फक्त मंगळागौरीचे पाट राहतात ते मोकळं.

"तुम्ही कुठे राहता?" काकांनी विचारलं.

"कर्वेनगरला. भाड्याने."

काकांनी माझ्याकडे नव्याने पाहिलं. "अगं, मग तुला काय कळणार यातलं?" एका वाक्यात मी तुम्हीची तू झाले. आणि वही उघडली गेली.

मला खरंच काय कळणार? दर अकरा महिन्यांनी दलालाला एक भाडं, नव्या करारात वाढ, मालकाच्या मुलाचं लग्न ठरत आल्याची बातमी. 'एकट्याच का?' या प्रश्नाला मी हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा. एका मालकीणबाईंनी मला आडनाव, आहार आणि वयानुसार लग्न न होण्याचं कारण, अशा क्रमाने विचारलं होतं, आणि मी उत्तरं दिली होती. खिडकीतून दिवे न लागणारे अख्खे मजले दिसतात अशा शहरात मला दर वर्षी खोकी बांधायला लागतात. तेही मी स्टँडीवर घातलं असतं, पण विश्वस्त म्हणाले, सूर तक्रारीचा नको.

अभिप्राय वरपर्यंत गेला. बैठकीत "घरमालकांची बाजू आपल्याकडे नाही" यावर एकमत झालं आणि काका सल्लागार झाले, फोटोसकट. कुठे लावायचा त्याचीही सूचना आली: वर.

मग प्रश्न निघाला, नाशिकला जाईपर्यंत हे सगळं ठेवायचं कुठे. माझ्या मालकांना घरात 'धंद्याचं सामान' चालत नाही. काकांनी मोठ्या मनाने मागच्या गल्लीतला फ्लॅट देऊ केला. भाडं वाजवी. करार नको म्हणाले, सामानच आहे.

जिन्यात मी हळूच विचारून घेतलं, माझा करार संपतोय, बावधनचा मिळेल का.

"एकटीच ना?"

"हो."

"अवघड आहे गं. स्टँड्यांचं कसं, त्या रात्री उशिरा येत नाहीत."

तर सध्या 'आहेत ती घरं नीट वापरा' हे प्रदर्शन दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेच्या बाल्कनीत राहतं. पोलीस पडताळणी नाही, जादा शुल्क नाही. काल काकांचा फोन आला. सकाळचं ऊन थेट स्टँड्यांवर येतं, रंग उडतील, म्हणून त्यांनी पडदे शिवायला टाकलेत. बिल माझ्या नावाने करू की संस्थेच्या, विचारत होते.