‘पाहिल्यावाचून विश्वास’ म्हणजे डोळे झाकून नव्हे

‘पुरावा मागू नका, डोळे मिटून माना, हीच बायबलची शिकवण’ असा संदेश सध्या फिरतो आहे. आधार दिला जातो योहानाच्या शुभवर्तमानातल्या 20व्या अध्यायाचा : ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य.’ वचन खरे, पण अर्थ मोडतोड करून काढलेला आहे.

हे वाक्य येशू आपल्या थोमा नावाच्या शिष्याला म्हणतो. येशू मरणातून उठला हे मानायला थोमा तयार नव्हता, अडून बसला होता : खिळ्यांचे व्रण पाहीन, कुशीत हात घालीन, तेव्हाच मानीन. येशूने त्याला हाकलले नाही. हात पुढे केले, बोट लावून पाहा म्हणाला. आणि लगेच पुढे, 30 आणि 31व्या वचनांत, योहान लिहितो की ही चिन्हे तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहून ठेवली आहेत. म्हणजे नंतरच्यांना स्वतःच्या डोळ्यांऐवजी साक्षीदारांच्या शब्दांचा आधार आहे. संदेश पाठवणारे नेमके तिथेच थांबतात, याचे वाईट वाटते.

बिरुया या गावचे लोक तर प्रेषित पौलाचे बोलणेही रोज शास्त्रात पडताळत, आणि बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक (17:11) त्याबद्दल त्यांचे कौतुकच करते. पौल स्वतः करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बजावतो : ख्रिस्त उठला नसेल, तर तुमचा विश्वास व्यर्थ.