रिठा खाऱ्या पाण्यात चालतो, पण हगवणीच्या जंतूंना टीसीएलच हवं

ताई, नमस्कार.

घरच्या घरी धुण्या-घासण्याच्या वस्तू कशा करायच्या यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात मांडते. तुमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही तर रिठ्याला कुठून येणार, हा तुमचा पहिला प्रश्न. घरात दोन महिन्यांची नात आहे, पावसाळ्यात गावात हगवण पसरते, अशात फिनाईल सोडून संत्र्याच्या सालींचं पाणी वापरा म्हणणं हा लेकराच्या जिवाशी खेळ आहे, हा दुसरा. आणि तिसरा मला सगळ्यांत जास्त लागला: "आमच्या सासूचे हात राखेनं फाटले. आता दुकानात वडी मिळते, तर तुम्ही बायांना परत चुलीपाशी कशाला बसवता?"

मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथं गफलत झाली तर माणूस आजारी पडतो.

मळ काढणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. रिठा, राख, चिंच, संत्र्याच्या साली हे सगळं पहिल्या कामाचं. दुसऱ्यासाठी यांच्यावर विसंबायचं नाही. सालींचं पाणी करतात ते एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी असं डब्यात भरून तीन महिने आंबवून. सुरुवातीचा महिनाभर झाकण रोज सैल करावं लागतं, नाहीतर आत वायू साठून डबा फुटतो. एवढं करून हाती येतं ते सौम्य आंबट पाणी. नळाच्या तोटीवरचा पांढरा क्षार त्यानं सुटतो, मोरीचा कुबट वास कमी होतो. पण हगवण लागलेल्या माणसाची उलटी जिथं पडली, ती जागा या पाण्यानं निर्धोक होत नाही. व्हिनेगरनंही होत नाही, गोमूत्रानंही नाही. शेणाचं तर उलटच आहे: शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजं असू शकतात. मातीची जमीन सारवली की धूळ दबते, भेगा बुजतात, म्हणून अवश्य सारवावं. पण बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या नाळेजवळ, उघड्या जखमेजवळ शेण नकोच.

जंतूंसाठी आपल्या गावात सहज मिळतं ते टीसीएल, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लिचिंग पावडर. चांगल्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर कालवली की अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. उलटी किंवा शौच पडलेली जागा आधी फडक्यानं टिपून घ्यायची, मग हे द्रावण ओतून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग धुवायचं. हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधा, खिडकी उघडी ठेवा. द्रावण त्या दिवसापुरतंच करा. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. प्यायच्या पाण्याचं माप अगदी वेगळं आहे: 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम आणि टाकल्यावर तासभर थांबणं. या दोन मापांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नका.

आणि ताई, घरात सगळ्यांना बजावून सांगा, टीसीएल आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. संडासात आधी ॲसिड ओतलं आणि त्यावर ब्लिचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडचे संडास एवढेसे, वर एक झरोका. तिथं दोन श्वासांत छाती भरून येते. लिंबाचा रस आणि सालींचं आंबट पाणीसुद्धा टीसीएलमध्ये घालायचं नाही. "नैसर्गिक आहे, काय होतं" म्हणून घालणारी माणसं आहेत, म्हणून लिहितेय.

फिनाईल वापरत असाल तर वापरा. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून वापरा. मात्र सायकलवर येणाऱ्या विक्रेत्याकडून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत घेतलेलं फिनाईल किंवा ॲसिड लेकरांच्या हाताशी ठेवू नका. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कॅन तर कितीही धुतले तरी घरात कशासाठीही नकोत, रिठ्याच्या पाण्यासाठीही नाही. हात धुवायला साबणच. संडासाहून आल्यावर, बाळाला घ्यायच्या आधी, भाकरी थापायच्या आधी साबण. इथं मला रिठा किंवा राख सुचवायची नाही.

आता खारं पाणी. माझं माहेर त्याच भागातलं, त्यामुळे तुमची चीड मला समजते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला पकडतात आणि पांढरा चिकट साका तयार होतो. तोच बादलीच्या कडेला बसतो, कपड्यांत राहतो, त्यानंच पांढरं धोतर काही धुण्यांत राखाडी दिसू लागतं. मिठामुळे साबण पाण्यात विरघळतही कमी. त्यामुळे वडी झिजते आणि फेस येत नाही.

रिठ्याचं तसं होत नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. तेही साबणासारखा तेलकट मळ सोडवतं, पण कॅल्शियमशी त्याचा साका होत नाही. फेस गोड्या पाण्यापेक्षा थोडा कमी दिसेल, मळ मात्र निघतो. म्हणून माझं मत तुमच्या नेमकं उलट आहे: रिठ्याची खरी गरज आमच्या संत्र्याच्या वरूड-मोर्शीपेक्षा तुमच्या दर्यापूरला जास्त आहे.

डिटर्जंट पावडर खाऱ्या पाण्यात चालते, हे मान्य. पण धुण्याचं पाणी जातं कुठं ते बघा. बहुतेक घरांत ते परसबागेत, नाहीतर शोषखड्ड्यात. खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीचं मूळ दुखणंच सोडियम आहे. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, माती पावसात चिखल आणि उन्हात दगड होते, पाणी आत मुरत नाही. त्यासाठीच शेतकरी वावरात जिप्सम टाकतात. पावडरीतला आणि धुण्याच्या सोड्यातला सोडियम रोज त्याच मातीत ओतायचा आणि मग वांग्याचं रोप का जगत नाही म्हणायचं! रिठ्याच्या पाण्यात हा सोडियम नाही. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, राखेतही मुख्यतः पोटॅश आणि चुना असतो. माझ्यासाठी हे सगळं करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

रिठा करायचा कसा, तर वीसेक रिठ्यांच्या बिया काढून साली रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. सकाळी चहाचं आधण उतरलं की त्याच चुलीवर पंधरा-वीस मिनिटं उकळा, हातानं कुस्करा, गाळा. आठवड्यात आंबूस होतो, म्हणून थोडाच करा. साली वाळवून पुन्हा एकदा उकळता येतात. रिठे मिळत नसतील तर धुऱ्यावर हिंगणबेटाचं झाड शोधा. त्याच्या फळाच्या गराचाही फेस होतो, जुन्या बायांना ते ठाऊक आहे. रिठा काय, हिंगणबेट काय, डोळ्यांत गेलं की फार झोंबतं, आणि दोन्ही माशांना विषारी आहेत. उरलेलं पाणी नाल्यात, डोहात ओतू नका.

फवारणीचे कपडे रिठ्यात टाकू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता, वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि डिटर्जंटनंच त्याच दिवशी धुवावेत. धुणाऱ्या बाईच्या हातात रबरी मोजे हवेत. नवऱ्यानं फवारायचं आणि विष बायकोच्या हातांनी प्यायचं, हे चालणार नाही.

इथंच तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येते. तुमच्या सासूबाईंचे हात फाटले ते राखेतल्या क्षारानं. तो क्षार भांड्याचं तेल काढतो तसं कातडीचंही काढतो. पूर्वीच्या बायांना राख आवडत होती म्हणून त्या घासत होत्या असं नाही, दुसरं काही परवडत नव्हतं. त्या कष्टाला परंपरा म्हणून मिरवणं मला पटत नाही आणि मी तसं लिहिणारही नाही. रोजची भांडी वडीनं घासा. राख फक्त चुलीवर काळ्या झालेल्या बुडाला, तीही चाळलेली आणि ओली करून, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीनं. चुलीत प्लॅस्टिकची पाकिटं जळत असतील तर ती राख भांड्याला लावूच नका. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याला राख आणि सोडा दोन्ही नको, क्षारानं तो धातू काळा पडतो आणि झिजतो. कल्हईच्या भांड्याला आतून राख घासली तर कल्हई जाते.

तांब्याच्या गुंडाला मात्र चिंच लावा. वाटीभर चिंच नको, आमटीतून उरलेला चोथा आणि चिमूटभर मीठ पुरतं. चिंचेच्या आंबटानं तांब्यावरचा काळा थर विरघळतो, दोन मिनिटांचं काम. शहाबादी फरशीवर मात्र चिंच, लिंबू, सालींचं पाणी काहीही सांडू देऊ नका. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटानं झिजतो आणि कायमचा खरखरीत होतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरतात, तो प्रकार तर वायाच. दोघं एकमेकांना मारतात, फसफस होते आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. तुमच्याकडे संत्र्याच्या बागा नसतील तर सालींच्या भानगडीतही पडू नका. आमच्याकडे आंबिया बहराची संत्री निघतात तेव्हा साली फुकट पडलेल्या असतात म्हणून गूळ घालणं परवडतं. तुम्ही संत्री विकत आणून साली आंबवायच्या यात काही अर्थ नाही. तोटीच्या क्षाराला किराणा दुकानातलं चमचाभर लिंबूसत्त्व गरम पाण्यात घातलं की झालं.

म्हणजे तुमच्या घरासाठी मी एकच वस्तू करायला सांगतेय, रिठा. आणि तो फोडायला, बिया काढायला सासूबाई आणि तुम्हीच का बसायचं? घरातले पुरुष संध्याकाळी पारावर बसतात तेव्हा सूप आणि दगड तिथं पाठवा. बचत गटानं हंगामात रिठे एकदम घेऊन वाटून घेतले तर आणखी बरं. हे काम वाटून होत नसेल, तर ताई, खरंच करू नका. वडी घ्या आणि तो वेळ नातीजवळ बसा.

नातीच्या लंगोटांचं तुम्ही शेवटी विचारलंत. आधी साध्या पाण्यानं शी धुऊन ते पाणी संडासात टाका. मग कोमट रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास बुडवून चोळा आणि फेस जाईपर्यंत खळबळा. खाऱ्या पाण्यात साबणाचा साका कापडात राहिला की बाळाच्या कातडीला तो टोचतो, लाल होतं. रिठ्यानं तो त्रास कमी होईल. वाळत घालायचे ते कडक उन्हात, सावलीत नाही. पावसाळ्यात ऊन नसेल, किंवा बाळाला हगवण लागली असेल, तर धुतल्यावर पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात काढा आणि चुलीजवळच्या दोरीवर पूर्ण कोरडे करा. आणि हगवण लागली तर लंगोटांचा विचार नंतर. एवढ्या लहान बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणून ठेवा, बाळाला किती द्यायचं ते त्यांनाच विचारा.